पन्नास मीटरचा दोर

शाळेत पी.टी.च्या मास्तराला कुणी मास्तर समजत नाही. गणिताचा मास्तर आजारी पडला तर पालक चौकशीला येतात, पी.टी.चा पडला तर पोरांना हुंदडायला एक तास जास्त मिळतो, एवढंच. सोनगीरपासून आत सात किलोमीटरवरच्या हायस्कुलात मी बारा वर्षं शिट्टी फुंकली. माझं नाव गुलाब. पोरं तोंडावर गुलाब सर म्हणायची आणि पाठीमागे काटा सर. रागीट होतोच मी. आता निवृत्त झालोय आणि राग बहुतेक स्वतःवरच काढतो. त्याला कारण आहे, आणि ते सांगायचं तर एका दोरापासून सुरुवात करावी लागते.

पंच्याऐंशी सालची गोष्ट. शाळेचा कापडी टेप उंदरांनी कुरतडून टाकला होता. नवा मागितला तर हेडसर म्हणाले, "गुलाबराव, पोरं टेपवर पळतात की जमिनीवर?" वाद घालण्यात अर्थ नव्हता. मग मी गावातल्या हिलालआबांना गाठलं. चार बिघे कोरडवाहू, दोन म्हशी, आणि रिकाम्या वेळी अंबाडीचे दोर वळायचे. त्यांच्या हातचा दोर म्हणजे पंचक्रोशीत नाव. आबांनी मला बोटाएवढा जाड, एकसारख्या पिळाचा लांबलचक दोर वळून दिला. हायवेच्या कामाला आलेल्या लोकांकडे पोलादी टेप होता. मे महिन्याच्या उन्हात त्या टेपाशेजारी दोर ताणून मी बरोबर पन्नास मीटरवर गाठ मारली आणि गाठीला लाल चिंधी बांधली. दोनदा टाकला की शंभर मीटर. स्वतःच्या डोक्यावर मी फार खूश झालो.

झुंबर ही आबांची धाकटी मुलगी. नववीत होती. सकाळी दूध डेअरीवर घालून ती शाळेत यायची. डेअरी गावाच्या या टोकाला, शाळा त्या टोकाला. पहिली घंटा व्हायची तेव्हा ती डेअरीच्या रांगेत असायची आणि दुसरी व्हायच्या आत प्रार्थनेच्या ओळीत, हातात रिकामी किटली, आणि धापही लागलेली नाही. पहिल्या घंटेला हजर नसते म्हणून मी जूनभर तिला झापत होतो. मग एके दिवशी डेअरीपासून शाळेपर्यंत स्वतः चालून पाहिलं आणि दुसरी घंटा निम्म्या वाटेतच ऐकली, तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात शिरलं की ही पोर रोज काय करते आहे.

जुलैच्या सुरुवातीला मैदान कोरडंच होतं. दोर टाकला, चुन्याच्या फक्कीने दोन रेषा मारल्या, आणि तिला अनवाणी पळवलं. चौदा सेकंद. कुणी काही शिकवलं नव्हतं, मान मागे टाकून पळत होती, हात कुठे पाय कुठे, आणि चौदा. मी घड्याळ पुन्हा पुन्हा बघितलं.

त्याच आठवड्यात जिल्ह्याच्या क्रीडा कार्यालयाचं पत्रक आलं. पुण्याला मुलींचं क्रीडा वसतिगृह निघणार होतं. राहणं, जेवण, बारावीपर्यंतचं शिक्षण, सगळं फुकट. शंभर मीटरसाठी दिवाळीनंतर नाशिकला चाचणी, आणि अट तेरा पूर्णांक चार सेकंदांची. मी पत्रक घेऊन हिलालआबांच्या अंगणात गेलो. झुंबरच्या दोन्ही मोठ्या बहिणी सातवीतून उठवून उजवलेल्या. हिच्यासाठी दोंडाईच्याचं स्थळ आधीच कानावर होतं. आबांनी हातातल्या दोराचा पीळ पुरा केला. मग म्हणाले, "तठे निवडाई गयी तं शिकू दे तिले. नही तं दहावी झाई का लगीन." शब्द म्हणजे शब्द. झुंबर दाराआड उभी होती. दुसऱ्या दिवशी मैदानावर तिने मला विचारलं, "सर, बाई पी.टी.ची मास्तर होते का?"

"होते की. पुण्याला शिकलीस तर होशीलच."

"मग मी होईन," ती म्हणाली. माझ्या नोकरीचा हेवा वाटणारा तो एकच जीव मला आयुष्यात भेटला.

पावसाळा लागला. पावसात फक्की राहत नाही, सकाळी मारलेली रेषा दुपारी वाहून जाते. दर वेळी दोर टाका, रेषा मारा. दोर पत्र्याच्या गळक्या खोलीत, कायम ओला. ऑगस्टात वैतागून मी एकदाच काय ते दोरानं शंभर मीटर मोजले आणि दोन्ही टोकांना बाभळीच्या खुंट्या ठोकून टाकल्या. या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत शंभर मीटर, रोजची कटकट संपली.

आणि झुंबर सुटलीच. तेरा दोन. मग तेरा सपाट. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बारा नऊ! मी शिट्टी टाकून मैदानभर नाचलो. तिची मान सरळ केली होती मी, गुडघे वर उचलायला शिकवले होते मी, त्यामुळे हे सगळं माझंच कर्तृत्व, यात मला तिळमात्र शंका नव्हती. तालुक्याला ती पहिली आली. धुळ्याला जिल्ह्यातही पहिली आली. तिथे घड्याळात चौदा तीन लागले, पण मैदानात घोट्याएवढा चिखल होता, चिखलातली वेळ कोण धरतो? मी धुळ्याच्या एका दैनिकाला बारा नऊच कळवली. "ग्रामीण विद्यार्थिनीची भरारी" असं छापून आलं, खाली मार्गदर्शक म्हणून माझं नाव. हेडसरांनी ते कात्रण ऑफिसात काचेखाली लावलं. गणिताचे मास्तर मला चहा पाजू लागले. त्या दिवसांत माझे पाय जमिनीवर नव्हते, हे कबूल केलेलं बरं.

एका संध्याकाळी हिलालआबा मैदानावर आले. झुंबरला घरी न्यायला आले असतील. गवतात पडलेला दोर त्यांनी पायाने हलवला, मग वाकून हातात घेतला आणि दाबून बघितला.

"मास्तर, हाऊ दोर वला शे. वला दोर आखडी जास."

"असेल आबा, ओला होऊन दोन-चार बोटं आखडला असेल," मी म्हटलं.

"बोटं नही, मास्तर. पावलं. पावसायामा बाजनी सुंभ कशी तानी जास, देखेल नही का तुम्ही?"

मी हसलो. आजूबाजूला दहावीची पोरं उभी होती, तीही हसली. मी म्हटलं, "आबा, ही बाज नाही, मैदान आहे." झुंबर बिचारी शरमेने लाल झाली. "आबा, तुमले काय समजस त्यामा?" ती बापाला म्हणाली, "सरस्ले बठ्ठं माहीत शे." आबांनी दोर खाली ठेवला आणि ते पुढे चालू लागले. ती त्यांच्या मागे दहा पावलं अंतर ठेवून गेली.

बारा नऊ म्हणजे अटीपेक्षा अर्धा सेकंद कमी. अर्धा सेकंद हातात असताना पोरीला उगाच दमवायचं कशाला? मी सराव बंद केला. म्हटलं, आता पाय जप, मुरगळला तर सगळं मुसळ केरात. डेअरीवर दूधही घालू नको, तुझी आई घालेल. भिकुबाई, म्हणजे तिची आई, तेव्हापासून किटली घेऊन जाऊ लागली. झुंबर सकाळी चालत शाळेत यायची आणि वेळेवर पोचायची. दीड महिना ती पोर पळाली नाही, आणि तिला पळू न देणारा मी होतो.

पाऊस उघडला, ऊन पडलं. दिवाळीची सुट्टी लागली आणि वसुबारसेच्या दिवशी मी एकटाच शाळेत गेलो. खोली आवरायची होती. दोर खणखणीत वाळला होता. सहज, अगदी सहज, मनात आलं की टाकून बघावा. पहिल्या खुंटीला टोक अडकवलं, ताणला, लाल चिंधीपाशी खूण केली, पुन्हा टाकला. लाल चिंधी दुसऱ्या खुंटीवर यायला हवी होती. ती खुंटी ओलांडून पुढे गेली. मी पावलं मोजली. सहा. मोठी सहा पावलं. मी पुन्हा मोजलं, तीन वेळा मोजलं, दर वेळी तेवढंच. माझ्या मैदानावरचे शंभर मीटर चौऱ्याण्णव होते. हिशोब काही अवघड नव्हता. झुंबरचे बारा नऊ म्हणजे खरे तेरा सहा-सात.

नाशिकला बारा दिवस होते. दीड महिन्याची बसलेली पोर, पण बारा दिवस होते. सरळ तिच्या घरी जायचं, म्हणायचं की माझं चुकलं, आबांचं बरोबर होतं, उद्यापासून पळायचं. एवढंच करायचं होतं मला. पण ऑफिसातलं कात्रण डोळ्यांपुढे आलं. दहावीच्या पोरांसमोर आबांना हसलो होतो, ते आलं. हेडसर काय म्हणतील, गणिताचा मास्तर काय म्हणेल! मी स्वतःची समजूत घातली की तिथे स्पर्धेत पोरी जास्तच पळतात, नवी सिंडरची, काळ्या राखेची धावपट्टी असते, होईल काहीतरी. मी दोन्ही खुंट्या उपटल्या आणि कुंपणापलीकडे भिरकावल्या. मग कुलूप लावून घरी गेलो आणि दिवाळीचे लाडू खाल्ले. लाज नाही वाटत हे सांगायला, असं कुणी म्हणेल. वाटते.

नाशिकला झुंबर तिसऱ्या हीटमध्ये होती. भिकुबाईंनी तिच्या केसांना पिवळी रिबीन बांधून दिली होती. ती सुंदर पळाली. मी अनेक मुली पळताना पाहिल्या आहेत, पण तशी सरळ, तशी हलकी फार थोड्या. फक्कीची रेषा ओलांडून ती थांबली आणि तिने लगेच माझ्याकडे बघितलं. घड्याळवाल्याने वेळ पुकारली, "तेरा सहा!" तिला वाटलं, दुसऱ्या कुणाची आहे. तिने त्याला जाऊन विचारलं. त्याने घड्याळ दाखवलं. टेबलावरच्या साहेबांनी तिच्या फॉर्मवरचे बारा नऊ वाचले आणि मला म्हणाले, "मास्तर, तुमच्या घड्याळाला चावी कोण देतं?" तिथली सगळी मंडळी हसली. मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो. ती माझ्याकडेच बघत होती, हे मला न बघताही कळत होतं.

परतीच्या एस.टी.त ती खिडकीशी बसली होती. मालेगावला गाडी थांबली. मी भजी आणली, तिने घेतली नाही. गाडी सुटल्यावर म्हणाली, "सर, माझं काय चुकलं?"

तेव्हाही वेळ होती. निदान खरं सांगायची वेळ होती. मी म्हणालो, "भ्यालीस तू. ऐन वेळी भ्यालीस. होतं असं काहींचं, पाय असतात पण काळीज नसतं."

तिने मान हलवली. विश्वास ठेवला तिने. माझ्यावर नेहमीच ठेवायची. धुळं येईपर्यंत मी झोपल्याचं सोंग घेतलं.

दहावी झाली आणि आबांनी शब्दाप्रमाणे तिचं लग्न केलं. मी अक्षता टाकायला गेलो नाही, परीक्षेची ड्यूटी काढून घेतली. पुढे माझी बदली झाली, मग आणखी एक, आणि नोकरीच्या शेवटच्या वर्षी, नव्याण्णव साली, मी दोंडाईच्याच्या एका शाळेत जाऊन पडलो. तिथे सहावीत सुगंधा नावाची एक मुलगी होती. मधल्या सुट्टीत ती पाण्याच्या टाकीपर्यंत पळत गेली आणि मी तिच्या मागे टाकीपर्यंत गेलो. तीच सरळ मान. शर्यतीसाठी नाव दे म्हटलं तर मुलगी म्हणाली, आई नको म्हणते. मी म्हटलं, आईला मी सांगतो.

घर मिरची बाजाराच्या मागे होतं. बाप बाजारात मापाडी. अंगणात लाल मिरचीचा ढीग घालून एक बाई देठं खुडत बसली होती. तिने वर पाहिलं, पटकन पदर सारखा केला आणि उठून माझ्या पाया पडली. झुंबरच होती ती. तीस वर्षांची सुद्धा नसेल, पण हात म्हातारीसारखे झाले होते.

"सर, माझ्यामुळे तुमची मान खाली गेली नाशिकला," पाणी देताना ती म्हणाली. "कितीदा वाटलं, येऊन माफी मागावी."

मी पेला खाली ठेवला.

"सुगंधाला पळवू नका, सर," ती पुढे म्हणाली. "माझ्यावर गेली आहे ती. रोज पळेल आणि ऐन वेळी भिईल. काळीजच नाही आमच्यात. तिला कशाला तसं चार लोकांत उभं करायचं?"

माझं वाक्य. चौदा वर्षं तिने ते सांभाळलं होतं आणि आता पोरीला देत होती. मग मात्र मला राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. दोर, खुंट्या, सहा पावलं, वसुबारस. एकही गोष्ट स्वतःच्या बाजूने सांगितली नाही, निदान तेवढं तरी केलं. ती देठं खुडत राहिली. मिरचीची धग डोळ्यांत जात होती, मी खोकलो, ती खोकली नाही.

"म्हणजे तेरा सहा..." ती हळू म्हणाली, "मी आयुष्यात सगळ्यात जोरात पळाले, ते नाशिकलाच?"

"हो."

"दीड महिना बसून?"

"हो, झुंबर."

"आणि सराव केला असता तर?"

अट तेरा चारची होती. दोन दशांश सेकंद. कुणीही पी.टी.चा मास्तर सांगेल ते.

"मी भ्याले नव्हते," ती म्हणाली. मग तिचे हात थांबले. मला वाटलं, आता ही मला हाकलून देणार. शिव्या देईल तर बरं, असंही वाटलं. पण ती माझ्याबद्दल बोललीच नाही.

"नाशिकहून आले त्या दिवशी आबा दारात उभे होते, सर. माझं तोंड बघून म्हणाले, पोरी, तू नही कमी पडनी, दोर कमी पडना. मी ओरडले त्यांच्यावर. म्हटलं, तुम्ही अडाणी, तुमच्या दोराचं कौतुक तुम्हाला, सर म्हणाले मी भ्याले म्हणजे भ्याले. त्या दिवसापासून आबांनी दोर वळला नाही. आई म्हणायची, अंबाडी आणून दिली तरी हात लावत नाहीत."

आत सुगंधा दप्तर ठेवून दारात आली होती. आईने तिला हाताने आत जायला खुणावलं.

"एक्याण्णव साली गेले. शेवटी बाजेवर होते, मी उशाशी बसलेली. ओळखही धड राहिली नव्हती. पण माझा हात धरून म्हणाले, पोरी, मी खोटं नही बोलनू." झुंबरने तिखटाचा हात विसरून डोळ्याला लावला आणि तसाच ठेवला. "मी म्हटलं, हां आबा, झोपा आता. सर, मी नुसतं झोपा म्हटलं."

मी उठलो. माफी मागायला तोंड उघडलं, पण ती ऐकायला जो माणूस हवा होता, तो तिथे नव्हता. फाटकापर्यंत गेलो तेव्हा तिने मागून हाक मारली.

"शाळेत टेप आहे का, सर? पोलादी?"

"आहे."

"मग रविवारी मोजा. सुगंधा येईल." डोळा चांगलाच लाल झाला होता, पदराने तिने तो पुसला. "पण टेपाचं एक टोक मी धरणार."

रविवारी ती आली. तिने टोक धरलं, मी दुसरं धरून चालत गेलो आणि दोनदा मोजलं. शंभर भरले. मी लांबून हात वर केला. ती तशीच वाकून, टोक दोन्ही हातांनी जमिनीला दाबून बसली होती, आणि सुगंधा तिला किती वेळ उठवत होती.